बेकवेल आणि शेजारचं ॲशफर्ड गाव, आईआबांना घेऊन जायचंय, कुणाला माहिती आहे काय?

गुळाचा_रवा

मंडळी नमस्कार. जरा माहिती पाहिजे होती. आधी शोधून बघितलं पण सगळीकडं तेच ते 'दहा सुंदर ठिकाणं' असलं मिळतंय, आपल्या माणसानं सांगितलेलं काय सापडंना म्हणून इथं विचारतोय.

माझी धाकटी बहीण इंग्लंडात शेफील्डला नर्स आहे, दाजीपण तिकडंच. आता त्यांनी शहरातलं घर सोडलं आणि ॲशफर्ड-इन-द-वॉटर म्हणून एक खेडं आहे डर्बीशायरात, तिथं भाड्यानं घर घेतलंय. जवळचं मोठं गाव म्हणजे बेकवेल. जूनमध्ये आई आणि आबांना घेऊन मी जाणार, व्हिसा हातात आलाय, तिकिटं काढायची आहेत. आईचं काय नाही, लेक भेटली की तिचं काम झालं. प्रश्न आबांचा आहे. आबांनी उभा जन्म वडगावच्या जनावरांच्या बाजारात काढलाय, बैलाचे दात बघून वय आणि चाल बघून खोड सांगणारा माणूस. त्यांना लंडनचा पूल दाखवला तर दुसऱ्या दिवशी म्हणतील चला घरला, पेरण्या तोंडावर आल्यात.

बहीण म्हणते बेकवेलात दर सोमवारी बाजार भरतो आणि जनावरांचा लिलाव पण असतो. खरंय काय? बाहेरच्या माणसाला आत सोडतात काय? आणि हे मार्केट टाऊन, पॅरिश वगैरे काय भानगड आहे, तिचं गाव बेकवेलात येतं का वेगळं? पत्त्यात तर बेकवेल लिहिते. बाकी गाडी न घेता दोन म्हाताऱ्या माणसांना काय काय बघता येईल ते पण सांगा. आधीच धन्यवाद.

शेफील्डचा_पाव्हणा

भावा, बरोबर ठिकाणी विचारलंस. मी मूळचा मंगळवार पेठेतला, आता बरीच वर्षं शेफील्डात. बेकवेल आमच्यापासनं बसनं तासाभरावर, पाव्हणे आले की पहिलं तिकडंच नेतो.

आधी बेकवेलचं सांगतो. गाव केवढं, तर चारएक हजार वस्ती. आपल्याकडं एवढ्याला शहर म्हटलं तर लोक हसतील, पण तिकडं गावाचा मान वस्तीवर नाही, बाजारावर ठरायचा. जुन्या काळी कुठंही उठून बाजार भरवता यायचा नाही, त्याला राजाची सनद लागायची, आणि ती मिळाली की भोवतीच्या पंधरावीस खेड्यांचा माल, भांडणं, सोयरिकी सगळं तिथं यायचं. बेकवेलचा बाजार १२५४ पासनं आहे. म्हणजे आपल्याकडं देवगिरीवर यादव होते तेव्हा. आणि वार अजून सोमवारच. रस्त्यात भाजी, चीज, कापड, झाडांची रोपं, स्वस्तातल्या बॅटऱ्या असले स्टॉल लागतात, आणि नदी ओलांडून पलीकडं गेलं की जनावरांचा बाजार. तो आधी गावाच्या मध्यात होता, १९९० च्या दशकाच्या शेवटी नवी मोठी इमारत बांधून पलीकडं नेला, तंबूसारख्या छपराची, लांबनं सर्कस आल्यासारखी वाटते. आबांना आत सोडतात, बघायला काय अडचण नाही, कठड्याला टेकून उभं राहायचं.

आता पॅरिश. त्यात दोन प्रकार आहेत म्हणून माणूस गोंधळतो. एक चर्चचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या ताब्यातला मुलूख. दुसरा सरकारी कारभाराचा, त्याला १८९४ च्या कायद्यानं पॅरिश कौन्सिल आलं. तुझ्या बहिणीचं ॲशफर्ड हा वेगळा पॅरिश आहे, बेकवेलात येत नाही, पत्त्यात बेकवेल लिहितात ते पोस्टाच्या सोयीसाठी. पण ही आपली ग्रामपंचायत समजू नकोस, पॅरिश कौन्सिलच्या हातात बाकडी, खेळायचं मैदान, दफनभूमी, गावचा सूचनाफलक असली किरकोळ कामं. कचरा डिस्ट्रिक्ट कौन्सिल उचलतं, रस्ते आणि शाळा काउंटीकडं, आणि घराची खिडकी जरी बदलायची म्हटली तरी नॅशनल पार्कवाल्यांचं ऐकावं लागतं. बेकवेलला शहराचा मान म्हणून टाऊन कौन्सिल, पण पायरी तीच.

नॅशनल पार्क म्हटल्यावर चांदोली डोळ्यासमोर आणू नकोस. आपल्याकडं पार्क झालं म्हणजे गावं उठवली आणि गवे राहिले. तिकडं उलटं, पीक डिस्ट्रिक्ट हा ब्रिटनमधला पहिला नॅशनल पार्क, १९५१ चा, आणि त्यात ३५ हजारांवर माणसं राहतात, शेती करतात, मेंढरं राखतात, बहुतेक जमीन खाजगी आहे. फक्त वाटेल तसं बांधकाम करता येत नाही. त्या सगळ्या पार्कात टाऊन म्हणावं असं मोठं गाव बेकवेलच.

आणि ही दोन गावं वेगळी असली तरी संबंध फार जुना. १०८६ साली राजानं सगळ्या देशाची जी मोजणी केली त्या दप्तरात दोन्हींची नावं आहेत, दोन्ही राजाच्या खाजगीतली. पुढं बेकवेलच्या चर्चचा पॅरिश एवढा अवाढव्य होता की ॲशफर्ड, शेल्डन, मोन्यॅश अशी कितीतरी गावं त्याच्याखाली, त्यांना स्वतःचं फक्त छोटं चॅपल. म्हणजे बाजारालाही बेकवेल आणि देवालाही बेकवेल.

जनावरांचा_डॉक्टर

बाजाराचं मी सांगतो, पाव्हण्यानं ते सर्कसवर नेऊन सोडलं. मी पशुवैद्य आहे, करवीर तालुक्यात काम केलं, लेकाकडं गेलो की तिकडच्या बाजारात जाऊन उभं राहतो, बायको वैतागते.

मधे गोल रिंगण असतं, भोवतीनं पायऱ्या. जनावर एका दारानं आत येतं, तिथंच वजनकाटा, आकडा वर पाटीवर उमटतो. लिलाववाला एका दमात काय बोलतो ते पहिला अर्धा तास इंग्रजी येणाऱ्यालाही कळत नाही. कापायच्या जनावराचा भाव किलोला इतके पेन्स असा बोलतात, आणि पुढं पोसायला न्यायच्या जनावराचा नगावर. घेणारे लोक नुसती मान किंवा बोट हलवतात. एक जनावर मिनिटाभरात विकून बाहेर. आबांना हेच नवल वाटेल बघा, कारण आपल्याकडं हेडे लोक उपरण्याखाली हात घालून बोटं दाबत भाव करतात, तिसऱ्याला कळू द्यायचा नाही, आणि इथं सगळा भाव उघड्यावर, वजनासकट. पैशाचा व्यवहार मात्र ओळखीचा वाटेल. घेणारा आणि विकणारा एकमेकांना पैसे देत नाहीत, मधली लिलाव कंपनी कमिशन कापून शेतकऱ्याला देते. मार्केट यार्डात गुळाचे सौदे झाले की अडत्या जे करतो तेच. रवासाहेब, तुमचं आयडीचं नाव बघून सांगतोय.

कागदपत्रं बघण्यासारखी आहेत. तिकडं प्रत्येक गाय-बैलाचा पासपोर्ट असतो, खरा, १९९६ पासनं, मॅड काऊ म्हणून गुरांच्या मेंदूचा रोग आला त्या भानगडीनंतर. दोन्ही कानात बिल्ले, आणि जनावर एका शेतावरनं दुसरीकडं गेलं की त्याची नोंद सरकारात जाते. आबा दात बघून वय सांगणार आणि तिकडचा माणूस पासपोर्ट काढून जन्मतारीख दाखवणार, ही जुगलबंदी जरूर लावून द्या.

दोन गोष्टी आधी बोलून ठेवा मात्र. पहिली, तिथं खिलार नाही, वशिंड नाही, कामाचा बैल हा प्रकारच नाही. लिमोझिन, शॅरोले, अँगस असली मांसाची जनावरं आणि त्यांची संकरं, दुधाची काळीपांढरी होल्स्टीन. बाकी मेंढरं बेसुमार. आणि बहुतेक माल शेवटी खाटकाकडंच जातो. आबांनी जन्मभर बैल औताला विकलाय, त्यांना हे रिंगणात उभं राहून अचानक कळलं तर बरं वाटणार नाही. आधी घरात बोला, मग त्यांनाच ठरवू दे.

दुसरी, रोगराई. २००१ साली तिकडं लाळ-खुरकताची साथ आली, ६० लाखांवर जनावरं मारून टाकली, बाजार महिनोन्महिने बंद, डोंगरात फिरायला बंदी. ती धास्ती अजून गेलेली नाही. तुम्ही आपल्या गोठ्यातनं उठून जाणार, तर पायातलं जे काय गोठ्यात वापरलंय ते नेऊ नका. आणि भारतातनं दूध-दुभतं, मटण काहीही न्यायला बंदी आहे. तूप नाही, पेढे नाहीत, खवा घातलेलं काहीही नाही. आई लेकीसाठी तुपाची बरणी बॅगेत कोंबणार, शंभर टक्के. आधीच काढून ठेवा.

गुळाचा_रवा

डॉक्टर, तुपाची बरणी खरंच भरून तयार आहे हो, कढवून झालंय. काढतो. कांदा-लसूण मसाला चालतोय ना?

कापायच्या जनावरांचं मी आबांना रात्री जेवताना सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, आपल्या बाजारातला म्हातारा बैल कुठं जात होता ते मला काय माहीत नव्हतं होय. जायचं म्हणतायत.

जनावरांचा_डॉक्टर

मसाला चालतो. पाकीट सील केलेलं न्या, नायतर सगळ्या कपड्यांना वास.

उगाच_कशाला

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. डर्बीला शिकायला होतो, सुट्टीत त्या भागात एका हॉटेलात भांडी घासलीत. बेकवेल आता बाजाराचं गाव कमी आणि पर्यटकांचं जास्त. शनिवार-रविवार बघा, पार्किंगला जागा नाही, नदीकाठी बदकं आणि माणसं सारखीच, प्रत्येक दुसऱ्या दुकानात बेकवेल पुडिंग, म्हणजे गावच्या नावाचा गोड पदार्थ. घरं एवढी महाग की तिथं जन्मलेल्या पोरांना घेता येत नाहीत, बाहेरचे येऊन सुट्टीसाठी घेऊन ठेवतात. ॲशफर्डात तर हे जास्तच. तुमच्या बहिणीला कायमचं भाड्याचं घर मिळालं हे नशीब समजा.

आणि ते पुडिंग. गोष्ट अशी सांगतात की व्हाइट हॉर्स नावाच्या खानावळीत मालकिणीनं आचाऱ्याला टार्ट करायला सांगितलं, त्यानं गडबड केली, अंड्याचं मिश्रण पिठात घालायच्याऐवजी जॅमवर ओतलं, आणि झालं पुडिंग. साल कुणी १८२० सांगतं, कुणी १८६०. आता ती व्हाइट हॉर्स पाडून त्या जागी रटलंड आर्म्स हॉटेल बांधलं १८०४ साली, ते अजून चौकात उभं आहे. म्हणजे खानावळ जाऊन वर्षं झाली आणि तिच्यात आचारी अजून चुकतोय. शिवाय १८४५ च्या छापील पाककृतीत हे पुडिंग आहेच, मग १८६० चा शोध कसला. तरी गावात दुकानं एकमेकांशी भांडतायत की खरी कृती आमच्याकडं.

शेफील्डचा_पाव्हणा

कोल्हापूरच्या माणसानं 'मूळ कृती कुणाची' या भांडणाला नावं ठेवायची म्हणजे कमाल आहे, मिसळीवरनं आपल्याकडं भाऊ भावाशी बोलत नाही.

गर्दीचं खरंय. पण ती शनिवार-रविवारची. सोमवारची गर्दी वेगळी असते, गमबूट घातलेले शेतकरी, बाजार उरकून चहा पिताना पावसाला शिव्या घालणारे. पर्यटकांच्या गावाला चिखल लागलेले लोक कशाला पाहिजेत? ते अजून येतात म्हणून मी त्याला बाजाराचं गाव म्हणतो. म्हणून सांगतो रवासाहेब, बाकी काय राहिलं तरी चालेल, सोमवार सोडू नका.

पुडिंग आणि टार्ट दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मात्र लक्षात ठेव. पुडिंग म्हणजे पापुद्र्याच्या कवचात जॅम, त्यावर अंडी-लोणी-साखर-बदामाचं मऊ सारण, दिसायला अगदी ओबडधोबड. टार्ट खुसखुशीत, बदामाच्या केकसारखं. आणि पांढरं आयसिंग घालून वर चेरी लावलेलं सुपरमार्केटात मिळतं ते गावात मागू नकोस, तोंड वाकडं करतात. तिन्हीत अंडं आहे.

हुपरीची_काकू

अंड्याचा विषय निघालाच आहे तर, रवा, आईंचा सोमवार असतो का? असला तर पुडिंग मंगळवारी खा. माझ्या सासूबाईंनी सोमवारी खाल्लं आणि नंतर कळल्यावर मला महिनाभर ऐकवलं.

मी ॲशफर्डला जाऊन राहिलेली आहे, माझी लेक तिकडंच असते, म्हणून बेकवेलवर एवढं लिहिलंत आणि ॲशफर्डाला दोन ओळी, हे मला पटलं नाही. बेकवेलहून दोन मैल, वाय नावाच्या नदीकाठानं. गाव हातभर. चुनखडीची घरं, एकदोन पब, चर्च, आणि नदीवर शीपवॉश ब्रिज म्हणून दगडी पूल, तीन कमानींचा, अरुंद, कठडे गुडघ्याएवढे. ओझ्याची तट्टं जायची, दोन्ही बाजूंनी लोंबणारे बोजे घासू नयेत म्हणून कठडे बुटके ठेवलेत. पुलाला लागून दगडी कोंडवाडा आहे. मेंढ्या कातरायच्या आधी लोकर धुवायची असायची, पण मेंढरू काय आपणहून पाण्यात उतरत नाही. मग कोकरं कोंडवाड्यात डांबायची आणि आयांना पलीकडनं नदीत ढकलायचं. कोकरू ओरडलं की आई पोहत इकडं येते, आणि येता येता लोकर धुतली जाते. आबांना ही अक्कल आवडेल. पुलावर उभं राहिलं की खाली ट्राउट मासे दिसतात, पाणी एवढं नितळ.

आता माझ्या आवडीचं. आमच्या घरात चांदीचं काम, त्यामुळं नजर तिकडं जाते. ॲशफर्डात काळा संगमरवर निघायचा. खरं तर संगमरवर नव्हेच, चुनखडकच, पण त्यात डांबरासारखा अंश असल्यानं खाणीतनं काढताना करडा आणि पॉलिश केला की काळाकुळकुळीत, आरसा. हेन्री वॉटसन म्हणून एकानं १७४८ ला नदीच्या पाण्यावर चालणारी यंत्रं बसवून दगड कापायचा आणि घासायचा कारखाना काढला. मग त्यात रंगीत दगडाचे तुकडे बसवून फुलं, पक्षी, पानं करायला लागले, मेजाचे तक्ते, फुलदाण्या, गळ्यातली पदकं. आग्र्याला करतात तसलंच जडावकाम, पण काळ्या जमिनीवर. व्हिक्टोरिया राणीच्या काळात ह्याची मोठी फॅशन होती. १९०५ ला कारखाना बंद पडला आणि आता कारागीर राहिले नाहीत. डर्बीच्या म्युझियममध्ये नमुने ठेवलेत, मी एका टेबलापुढं एवढा वेळ उभी होते की तिथल्या बाईंनी खुर्ची आणून दिली.

चर्चमध्ये नक्की जा, होली ट्रिनिटी. आत वर छताला कागदी फुलांचे सांगाडे टांगलेत. लग्नाच्या आधी पोरगी गेली की तिच्या अंत्ययात्रेपुढं हा पांढऱ्या कागदाचा मुकुट न्यायचे आणि नंतर चर्चमध्ये टांगायचे. सगळ्यात जुना १७४७ चा. कागद इतकी वर्षं कसा टिकला कोण जाणे. आईंना सांगायचं का नाही ते तुम्ही बघा.

आणि जूनमध्ये जाताय तर विहिरी सजवतात ते चुकवू नका. डर्बीशायरची खास रीत आहे, झऱ्यांना आणि विहिरींना सजवायचं, पाणी दिलंस म्हणून. लाकडी फळ्या आधी पाण्यात भिजवत ठेवतात, त्यावर ओल्या चिकणमातीचा थर, त्यावर चित्राची रेघ टोचून घेतात आणि मग पाकळ्या, पानं, बिया, शेवाळ एकेक करून मातीत दाबतात. सगळं निसर्गातलंच पाहिजे. पाकळ्या वरनं खाली पाणी ओघळेल अशा बेतानं एकमेकींवर चढवायच्या, पाऊस तर येणारच. आठवडाभर टिकतं. गावातल्या बायका, पोरं, म्हातारे सगळे कुणाच्या तरी शेडमध्ये रात्री उशिरापर्यंत बसून करतात, आणि बाहेरच्या माणसानं थांबून विचारलं तर खुशाल हातात पाकळ्या देतात, मला दिल्या. ॲशफर्डात ट्रिनिटी संडेच्या आसपास असतं, म्हणजे ईस्टरनंतरचा आठवा रविवार. बेकवेलचं त्यानंतर, उन्हाळ्यातच.

गुळाचा_रवा

काकू, नाद खुळा माहिती. आईला वाचून दाखवलं, ती म्हणते मी पण पाकळ्या लावणार, रांगोळीचा हात आहे माझा. बहिणीला तारखा बघायला सांगितल्यात.

गुडघ्याचा प्रश्न राहिला. आईला चढ झेपत नाही. आणि रेल्वे नाही काय तिकडं?

शेफील्डचा_पाव्हणा

चढ आहे खरा. बेकवेलचं चर्च टेकाडावर आहे, ऑल सेंट्स, आवारात हजार वर्षांपूर्वीचे दगडी क्रॉसचे खांब आहेत कोरीव, पण चढ बघून आईंना खालच्या पुलावरच बसव. तो पाच कमानींचा पूल पण मध्ययुगातला आहे, रहदारी अजून त्याच्यावरनंच.

रेल्वेची गोष्ट ऐक. रेल्वे होती. १८६२ ला बेकवेलला स्टेशन झालं, डोंगर पोखरून बोगदे काढले, मॉन्सल डेलच्या दरीवर उंच पूल बांधला. त्यावर जॉन रस्किन म्हणून मोठा विचारवंत भडकला होता, त्याचं म्हणणं थोडक्यात असं की एवढी देखणी दरी नासवली ती कशासाठी, तर बक्स्टनचा प्रत्येक येडा अर्ध्या तासात बेकवेलला आणि बेकवेलचा प्रत्येक येडा बक्स्टनला पोचावा म्हणून. १९६८ ला ती लाइनच बंद झाली. आपली कोल्हापूर-वैभववाडी अजून कागदावर आणि यांची बांधून, वापरून, उखडून पण झाली. आता रूळ काढून त्या जागी चालायचा रस्ता केलाय, मॉन्सल ट्रेल, साडेआठ मैल. २०११ ला बोगदे पण उघडले, आत दिवे आहेत. आणि ज्या पुलावरनं रस्किन भडकला तो बघायला आता लोक मुद्दाम जातात. आईंसाठी हाच रस्ता. रेल्वेची वाट असल्यामुळं सपाट, चढ नाही, व्हीलचेअर पण जाते. वाटेल तेवढं चाला, परत फिरा.

प्रवासाचं म्हणशील तर शेफील्डहून २१८ नंबरची बस, डर्बी-बक्स्टन मार्गावरची बस बेकवेल आणि ॲशफर्ड दोन्हीकडं थांबते. संध्याकाळी बस विरळ होतात, परतीची वेळ आधी बघ. जूनमध्ये उजेड साडेनऊपर्यंत असतो, त्यामुळं माणूस फसतो, उन्हाच्या नादात बस निघून जाते.

शिरोळचा_जी_नाइन

कुणी चॅट्सवर्थचं बोललंच नाही? बेकवेलपासनं चारेक मैलांवर ड्यूक ऑफ डेव्हनशायरचा वाडा. लोक झुंबरं, चित्रं बघायला जातात, मी केळीसाठी गेलो होतो. सांगतो का ते.

आपण जी-नाइन लावतो ना, ती कॅव्हेंडिश गटातली केळी. कॅव्हेंडिश हे त्या ड्यूकच्या घराण्याचं आडनाव. १८३० च्या दशकात तिथं जोसेफ पॅक्स्टन म्हणून हेड माळी होता, त्यानं काचेच्या घरात, बाहेर बर्फ पडत असताना, केळी लावली आणि पिकवली, आणि मालकाचं नाव दिलं. तिथली रोपं पुढं मिशनरी लोकांनी सामोआ बेटांवर नेली. आज जगात परदेशी पाठवतात ती बहुतेक केळी त्याच गटातली. हाच पॅक्स्टन पुढं लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनाचा प्रचंड काचमहाल उभारणारा. माळ्याचा पोरगा नव्हे, शेतकऱ्याचा. आमच्या पट्ट्यात अर्धा शेतकरी जी-नाइनवर जगतो आणि हे कुणाला माहीत नाही.

तिकीट महाग आहे. आत वाडा नको वाटला तर नुसती बाग घ्या, आणि पार्कात मेंढरं-हरणं चरतात तिथं फिरायला पैसे पडत नाहीत. शेफील्डची ती २१८ तिथनंच जाते.

उगाच_कशाला

बरं, केळीचं मला माहीत नव्हतं. मी तिथं राहून वाड्याकडं फिरकलो पण नाही.

एक माझ्याकडनं. ईयम म्हणून गाव आहे बेकवेलपासनं जवळच, ते दाखवा. १६६५ ला लंडनहून शिंप्याकडं कापड आलं, त्यातनं प्लेग आला असं मानतात. तिथल्या पाद्र्याच्या, विल्यम मोम्पेसनच्या सांगण्यावरनं गावानं स्वतःला कोंडून घेतलं, आसपासच्या गावांना लागू नये म्हणून. साधारण २६० माणसं मेली. शिवेवर दगड आहे, त्याला भोकं पाडलेली, त्यात व्हिनेगर ओतून नाणी ठेवायची आणि बाहेरचे लोक सामान ठेवून नाणी घेऊन जायचे. आपल्याकडं प्लेगात गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहायचे, आजी सांगायची. इथं उलट केलं. त्या दगडापर्यंत थोडी चढण आहे, आबा जातील, आई बसतील खाली.

गुळाचा_रवा

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. ठरलं असं की तिकिटं दोन सोमवार मिळतील अशी काढतोय. पहिल्या सोमवारी आबा नुसतं बघणार, दुसऱ्या सोमवारी, त्यांचं म्हणणं, आकडा उमटायच्या आत वजन सांगून दाखवणार. दाजींनी पैज लावलीय.

शेवटचं विचारतो, आबा धोतर-फेटा सोडायला तयार नाहीत. बाजारात तसे गेले तर चालतंय काय?

जनावरांचा_डॉक्टर

खुशाल जाऊ दे. त्या बाजारात शेतकरी माणूस शेतकऱ्याला लगेच ओळखतो, कोण ना कोण येऊन बोलणारच, तू दुभाष्या म्हणून शेजारी थांब. फक्त पायात कोल्हापुरी नको. खाली ओलं, शेण, वर जंतुनाशकाचं पाणी, चामडं एका दिवसात जाईल. बहिणीला आधीच आबांच्या मापाचे गमबूट घेऊन ठेवायला सांग. पैजेचं म्हणशील तर बैलाचा अंदाज तिकडच्या जनावराला लावू नका म्हणावं, ती बुटकी दिसतात आणि वजनाला फसवतात.

शेफील्डचा_पाव्हणा

आणि तिकिटं काढताना मे महिन्याचा शेवटचा सोमवार धरू नकोस, तिकडं सार्वजनिक सुट्टी असते, अख्खं शेफील्ड, डर्बी आणि मँचेस्टर बेकवेलात उतरतं. जूनचा कुठलाही सोमवार चालेल. लिलाव किती वाजता सुरू ते बहिणीला आदल्या आठवड्यात फोन करून विचारून घ्यायला सांग, मेंढरं आणि गुरं वेगवेगळ्या वेळी काढतात.